हजेरी झाल्यावर

रविवार, ३१ मे

चि. शेपटीस,

अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या बाबांकडून काढला. त्यासाठी दोन दिवस त्यांच्याशी गोड बोलावं लागलं, आणि ते मला किती जड जातं हे तुला ठाऊक आहे. तुमचं बोलणं होतं हेही मला कळतं. रोज संध्याकाळी सातला ते फोन घेऊन गच्चीवर जातात आणि खाली येऊन सांगतात, "गिऱ्हाईक होतं." शिंप्याच्या घरात माझं आयुष्य गेलं, गिऱ्हाइकाला 'जेवलीस का' असं कुणी विचारताना पहिल्यांदाच ऐकलं.

इकडे सगळं ठीक आहे. उन्हाळा सरत आलाय, पण पत्र्यावरचा ताप अजून उतरलेला नाही. शाळा पंधराला सुरू होते. आम्हा शिक्षकांना पंधरवडाभर आधीच बोलावलंय: बाकं मोजा, कपाट लावा, पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे सोडा. माझ्या वर्गाच्या फळ्याला नवा काळा रंग दिलाय, तो अजून हाताला लागतो. यंदाचं माझं शेवटचं वर्ष, म्हणून मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही हलकी कामं घ्या." मी म्हटलं, "मग हजेरीपट मी लिहिते, कारकुनाचं अक्षर मला बघवत नाही." एक्केचाळीस नावं, एका बैठकीत लिहिली. माझ्या नातीचं, खडूचं, नाव सतराव्या नंबरावर आलंय.

शेजारच्या वर्गावर एक नवीन शिक्षिका आली आहे. वयाने तुझ्याहून लहान, केस मोकळे. उशिरा आलेल्या मुलांना मी हजरच लावते, असं सांगत होती. म्हणते, "आलं ना मूल?" मी म्हटलं, "आलं, पण हजेरी झाल्यावर आलं. पटावर ते गैरहजरच." माझा नियम तुला सांगायला नको. एकदा घरून माझ्याच बरोबर निघून, वर्गाच्या दाराशी चपलेचा पट्टा लावत राहिलीस म्हणून तुलाही मी गैरहजर लावलं होतं. त्यावरून बाबा दोन दिवस धुसफुसत होते.

त्यांनी खडूचा गणवेश शिवून ठेवलाय. खाली दोन बोटं जास्तीची दुमड ठेवलीय, म्हणाले, "वाढत्या अंगाची पोर आहे, वर्षभर पुरला पाहिजे." तो दाराच्या खिळ्याला टांगलाय. येता-जाता डोक्याला लागतो, पण काढू देत नाहीत.

आता मुद्द्याचं. तू त्या मंगळवारी अशी तडकाफडकी का निघालीस, ते मला अजून कळलेलं नाही. दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. एप्रिलमध्ये तू नवऱ्याचं घर सोडून इथे आलीस तेव्हा मी एका शब्दाने विचारलं नाही, की का. तुझ्या खोलीतली माझी कपाटं हलवली. खडूचं नाव माझ्या शाळेत, माझ्या वर्गात घातलं. आणि चार वाजता तू बॅग भरून, पोरीचा हात धरून दारात. बाबा म्हणतात, "तुला खरंच कळलं नाही?" मी म्हटलं, कळलं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं. हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून तुझं डोकं तापलं असेल, असं मी धरून चालले आहे.

मी दुपारी खडूचा अभ्यास घेत होते ते तुला खटकलं असेल, तर तसं सांगायचं. मला सगळे करडी म्हणतात, म्हणोत. तुझाही अभ्यास मीच घेतला आणि तुझं काही वाईट झालं नाही. शिक्षकांच्या खोलीत मी अजून सांगते: माझी मुलगी इतकी शिस्तीची, की चौथीत हात मोडला तरी वर्गात 'आई' म्हणाली नाही. सगळे हसतात, आणि मग गप्प होतात. आदराने, असं मला वाटतं.

खडूला म्हणावं, तुझी पाटी मी जपून ठेवलीय. सात तारखेपर्यंत या. पुस्तकांना कव्हरं घालायची आहेत.

तुझी,
बाई

(तू हाक मारतेस तेच लिहिलं.)


बुधवार, १० जून

चि. शेपटीस,

आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. मला नाही, शाळेला. मुख्याध्यापकांनी बोलावून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे तुमच्याच घरचं दिसतंय." शिपाई तिथेच पाणी भरत होता. तेहतीस वर्षांत त्या खोलीत मी मान खाली घालून उभी राहिले नव्हते.

'मा. वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी, यांस. विषय: शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करते, की माझ्या मुलीचे नाव आपल्या वर्गातून कमी करून तिचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती. आपली माजी विद्यार्थीनी.'

अर्जाचा नमुना मीच शिकवला होता. समास बरोबर, विषय बरोबर, विनंती मात्र दोनदा केलीस. आणि शेवटच्या शब्दात चूक आहे. 'विद्यार्थिनी' मध्ये 'र्थि' ऱ्हस्व. हे मी तुझ्याकडून किती वेळा घोटून घेतलं असेल, त्याला गणती नाही. मी तिथे लाल गोल केला आहे. अर्ज या पत्रासोबत परत पाठवते. दुरुस्त करून पाठव, मग दाखल्याचं बघू. सगळ्या पालकांना तोच नियम आहे.

तुला वाटेल, बाई मुद्दाम अडवतेय. वाटू दे. तुला दाखला हवाय म्हणजे तिला दुसऱ्या शाळेत घालायची आहे. दुसऱ्या शाळेत म्हणजे दुसऱ्या गावात. मग मी खडूला कधी बघायचं? सुट्टीत, तुझ्या मर्जीने, तासभर? मी यंदा निवृत्त होते आहे. माझ्या वर्गात शेवटच्या वर्षी माझी नात असणार, हे मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगून बसले होते. आता विचारतात. मी म्हणते, येईल, येईल.

बाबा म्हणाले, "तू तिला लिही, त्या दुपारी काय झालं ते." मी म्हटलं, "ती तिथेच होती, तिला काय लिहायचं?" ते म्हणाले, "तरी लिही." तर लिहिते, म्हणजे त्यांचं समाधान होईल.

आम्ही व्हरांड्यात शाळा-शाळा खेळत होतो. खेळ म्हणजे सराव. पंधरा तारखेला ती माझ्या वर्गात बसणार, तेव्हा तिला रीत कळायला हवी. वर्गात आजी म्हणाली तर बाकीची चाळीस मुलं काय म्हणतील? बाईंची नात, म्हणून लाड. म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं: उंबऱ्याच्या आत आजी, व्हरांड्यात बाई.

त्या दिवशी शुद्धलेखन चाललं होतं. मध्येच ती म्हणाली, "आजी, पाणी." मी म्हटलं, "इथे आजी कुणी नाही." ती हसली. तिला वाटलं खेळच आहे. पुन्हा म्हणाली, "आजी, खरंच तहान लागलीय." मी पुढचा शब्द सांगितला. मग तिने पाटी खाली ठेवली, हात वर केला, नीट, कोपर सरळ, मी शिकवला तसा. आणि विचारलं, "बाई, माझी आजी कधी येणार?"

तू स्वयंपाकघरात होतीस. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

एवढंच झालं. पाण्यावाचून कुणी मेलं नाही. पाच मिनिटांनी मीच देणार होते.

सोमवारी शाळा सुरू होते. तुझा दुरुस्त अर्ज आला नाही, तर खडूचं नाव पटावर आहे, आणि ते मी त्या दिवशी पुकारणार.

वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी


मंगळवार, १६ जून

शेपटे,

आशीर्वाद वगैरे राहू दे. आशीर्वाद द्यायच्या जागी मी आत्ता नाही.

काल हजेरी घेतली. सोळा नंबरपर्यंत "हजर बाई, हजर बाई" झालं. सतरावं नाव मी मुद्दाम मोठ्याने घेतलं. कुणी बोललं नाही. पुन्हा घेतलं. पुढच्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, अशी कुणी नाहीच आमच्यात." मी तिला खाली बसवलं आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग मी सतराव्या चौकटीत 'गै' लिहिलं, आणि अठरावं नाव कोणतं ते मला वाचता येईना. माझंच अक्षर, आणि मला वाचता येईना. वेण्यांच्या मुलीने उठून वाचून दाखवलं.

घरी आले तर बाबा मशीनवर बसले होते, पण मशीन बंद. तुझा अर्ज मी परत पाठवल्याचं त्यांना तू सांगितलंस. लाल गोलाचंही सांगितलंस. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडत नाहीत हीच तर माझी इतक्या वर्षांची सोय. ते उठले आणि कापडाच्या कपाटातून, मापांच्या वह्यांखालून, एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. तुझी चौथीची शुद्धलेखनाची वही. पंचवीस वर्षं त्यांनी ती तिथे ठेवली होती. पान उघडूनच दिलं.

वेडीवाकडी ओळ, उतरत गेलेली. दहापैकी चार. खाली माझ्या हाताने, लाल शाईत: 'अक्षर सुधारा.'

डाव्या हाताने लिहिलेलं अक्षर.

ते म्हणाले, "मी तेव्हाच विचारणार होतो. मग म्हटलं, स्वतः सांगेल कधीतरी." पंचवीस वर्षं मूग गिळून बसला हा माणूस. मला त्यांचाही राग आला, खरं सांगते. तेव्हाच विचारलं असतं तर मी खोटं बोलून मोकळी झाले असते आणि ते खोटं आता जुनं झालं असतं.

दाखला मी आज सकाळी भरला. अर्जाची वाट बघितली नाही. 'वर्तणूक' पुढे 'उत्तम' लिहिलं. पुढचा रकाना 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथे सगळे लिहितात तेच लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. मुख्याध्यापकांची सही लागते, दुसरं काही लिहिलं तर ते करणार नाहीत. खरं कारण दाखल्यावर मावतही नाही. ते इथे लिहिते.

तुझ्या हाताची गोष्ट मी सगळीकडे सांगत आले, ती अर्धी आहे. मधल्या सुट्टीत तू जिन्यावरून पडलीस. घंटा झाल्यावर आत आलीस आणि माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणालीस, "आई, हात." म्हणाली होतीस. 'आई' म्हणाली नाहीस, हे मी बनवलं. आणि मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हटलं, "वर्गात आई कुणी नाही. जागेवर बस." मुलं हसली. तू जागेवर बसलीस.

इथवरचं तुला आठवत असणार. तुला जे ठाऊक नाही ते हे, की मी तुझा हात पाहिला होता. तिथेच, टेबलापाशी. मनगट सुजून निळं पडायला लागलं होतं. मला कळलं, हे मोडलंय. मुद्दाम कानाडोळा केला. त्या वर्षी तुला माझ्या वर्गात घातल्यापासून शिक्षकांच्या खोलीत कुजबुज होती, आता पहिला नंबर घरातच जाणार म्हणून. मला वाटलं, आत्ता उठले, तुला जवळ घेतलं, तर ते म्हणतील, बघा. म्हणून मी शुद्धलेखन घेतलं. दोन तास घेतलं. तू डाव्या हाताने लिहीत होतीस तेही मी पाहिलं. वह्या गोळा केल्या, तुझी तपासली, आणि सगळ्यांना दिसेल असे चार गुण दिले. नंतर डॉक्टर म्हणाला, लगेच आणलं असतं तर हाड सरळ बसलं असतं.

अजून तू किल्ली डाव्या हाताने फिरवतेस. हॉस्पिटलात दुसऱ्यांचे मोडलेले हात बांधतेस आणि तुझा वाकडाच आहे. एप्रिल-मे, दोन महिने, तू माझ्या दाराचं कुलूप डाव्या हाताने उघडत होतीस, आणि मी पेपर वाचत होते.

प्लास्टर निघालं आणि तू मला घरातही बाई म्हणायला लागलीस. बाबांनी एकदा विचारलं, "तुला काही वाटत नाही?" मी म्हटलं, "सवय लागली, आदर आहे." मला वाटायचं, शेपटे. दर वेळी वाटायचं. पण आई म्हण असं सांगायचं म्हणजे का म्हणत नाहीस ते विचारावं लागलं असतं.

आता त्या मंगळवारचं. मागच्या पत्रात मी लिहिलं, 'एवढंच झालं'. एवढंच नव्हतं. गॅस बंद करून तू व्हरांड्याच्या दारात आलीस. हाताला कणीक होती. तू म्हणालीस, "आई, पुरे."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी ऐकलं. मला ते नीट ऐकू आलं, आणि माझ्या तोंडून, मी काही ठरवायच्या आत, निघून गेलं: "वर्गात आई कुणी नाही."

खडू हसली. वर्ग हसतो तशी.

तू हात धुतलेस. बॅग काढलीस. मी व्हरांड्यातच बसून राहिले. मला वाटत होतं, उठावं, म्हणावं, चुकून निघालं. पण ते चुकून निघालं नव्हतं. इतकी वर्षं दुसरं काही आत ठेवलंच नव्हतं, तर दुसरं निघणार कुठून? आणि मग मी तुला लिहिलं, की का गेलीस ते कळलं नाही. डोकं तापलं असेल म्हणाले. वर 'विद्यार्थिनी' चा ऱ्हस्व शिकवला.

खडूला माझ्या वर्गात घालू नकोस हे बरोबर केलंस. तिच्या बाई कुणीही होवोत, केस मोकळे सोडणारी, उशिरा आलेल्याला हजर लावणारी झाली तरी चालेल. तशीच बघ, जमलं तर.

हे पत्र आणि दाखला बाबा उद्या सकाळच्या बसने घेऊन येतील. गणवेशाचं काय करायचं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "तिकडच्या शाळेचा रंग निळा आहे. हा उसवून पिशवी करतो डब्याची." रंगसुद्धा त्यांनी आधीच विचारून ठेवलाय. आज सकाळपासून दुमड उसवत बसलेत.

दुपारी म्हणाले, "तूही चल. एक दिवसाची रजा टाक." मी पटकन म्हटलं, "पहिल्या आठवड्यात? वर्ग कोण बघणार?"  ते म्हणाले, "बरं," आणि पुन्हा उसवायला लागले. त्यानंतर मी दोनदा रजेचा अर्ज लिहायला घेतला. नमुना पाठ आहे, समास बरोबर पडतो. विषयापाशी आले की हात थांबतो. रजेचं कारण लिहावं लागतं, आणि 'मुलीने हाक मारली आहे' असं कारण मी तेहतीस वर्षांत कुणाचं मंजूर होताना पाहिलेलं नाही. ही सबब आहे, ते मला कळतं. तुलाही कळेल. मला जायची भीती वाटते, की तू दार उघडून 'या बाई' म्हणशील.

तू दोनदा हाक मारलीस. एकदा नऊ वर्षांची असताना, एकदा चौतीस वर्षांची असताना. दोन्ही वेळा मी समोर होते. आज ओ द्यायला बसले आहे, आणि माझा हजेरीचा नियम तुला पाठ आहे. तो मी कुणासाठी मोडला नाही, तुझ्यासाठीही नाही. मग स्वतःसाठी कसा मोडू?

खडूला सांग, तिची आजी आली नाही.

गैरहजर,
तुझी आई